वेदीपासून विहिरीपर्यंत

पाच हजारांना जेवू घातल्याचा प्रसंग चारही शुभवर्तमानांत आहे. योहानाच्या शुभवर्तमानात त्याच्या शेवटी एक बारीक तपशील येतो. सगळे तृप्त झाल्यावर येशू शिष्यांना उरलेले तुकडे वेचायला सांगतो, काही वाया जाऊ नये म्हणून. बारा टोपल्या भरतात. या प्रसंगावर आपण कितीतरी प्रवचने ऐकलेली असतात आणि त्यांतली बहुतेक लोकांच्या तृप्तीपाशी थांबतात. ज्याने पाच भाकरी आणि दोन मासळ्यांतून एवढा समुदाय जेवू घातला, त्याला उरल्यासुरल्या तुकड्यांची फिकीर का असावी, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मला तो प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. देवाने भरभरून दिले म्हणून माणसाने सांडावे असे होत नाही. उलट ते देणे आहे म्हणूनच ते वेचून ठेवायचे असते. ख्रिस्ती श्रद्धा आणि पर्यावरणाची काळजी यांचे नाते मला या टोपल्यांपाशी सर्वांत स्वच्छ दिसते, कारण तिथे चमत्कार आणि जेवणानंतरची आवराआवर एकाच कृतीचे दोन भाग आहेत.

हा संग्रह त्या आवराआवरीविषयी आहे. इथे लिहिणाऱ्यांत शेती करणारे आहेत, मासेमारी करणाऱ्या घरांतले आहेत, शिक्षक, धर्मगुरू, पाळक आणि गृहिणी आहेत. त्यांचे अनुभव वाचण्यापूर्वी या विषयाचा नकाशा नव्या वाचकाच्या हाती असावा, म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबली आहे.

सुरुवात आरोपापासून करावी लागते. १९६७ साली लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराचा एक निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. आजच्या पर्यावरणीय संकटाची मुळे पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहेत, असे त्याने मांडले. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव माणसाला पृथ्वीवर अधिकार देतो. त्या अधिकाराचा अर्थ पश्चिमेने हवे तसे वापरण्याचा परवाना असा लावला आणि निसर्गातले देवत्व पुसून टाकून त्याचा कच्चा माल केला, असा त्याचा रोख होता. या निबंधाला उत्तरे देण्यात ख्रिस्ती विद्वानांची पुढची काही दशके गेली. पण त्याच्या शेवटाकडे फारसे कोणी वळत नाही. व्हाइट स्वतः चर्चचा सभासद होता. दुखणे धर्मात असेल तर उपायही धर्मातच शोधावा लागेल, असे सांगून त्याने असिसीच्या संत फ्रान्सिसला पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्यांचा आश्रयदाता संत मानावे असे सुचवले. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी नेमके तेच केले.

आरोपात तथ्य आहे, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वसाहतींच्या काळात जंगले तोडणाऱ्यांच्या आणि खाणी खोदणाऱ्यांच्या हाती अनेकदा बायबल होते. पण त्यांनी ते अर्धेच वाचले होते. उत्पत्तीच्याच दुसऱ्या अध्यायात माणसाला मातीपासून घडवून बागेत ठेवले जाते ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. नोहाच्या जलप्रलयानंतर देव जो करार करतो तो माणसाबरोबर आणि प्रत्येक सजीव प्राण्याबरोबर. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवून तिला विसावा द्यायची आज्ञा आहे; शब्बाथ माणसाला, बैलाला तसा शेतालाही. अनुवादाच्या विसाव्या अध्यायात शत्रूच्या नगराला वेढा घातला असतानाही त्याची फळझाडे तोडू नयेत असे बजावले आहे. ईयोबाच्या ग्रंथात देव वादळातून बोलू लागतो तेव्हा माणसाचा उल्लेख जवळपास टाळून रानगाढव, गरुड, हिमकण आणि निर्जन वाळवंटात पडणारा पाऊस यांच्याविषयी बोलत राहतो. जिथे कोणी राहत नाही तिथेही देव पाऊस पाडतो, हे वाक्य शेतकऱ्याने आणि नगररचनाकाराने सारख्याच गांभीर्याने वाचावे असे आहे.

परंपरेतही हा धागा तुटलेला नव्हता. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात मठाची भांडीकुंडी आणि अवजारे वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपावीत असे सांगितले आहे. कुदळ आणि प्याला एकाच पंगतीत! फ्रान्सिसने तेराव्या शतकात, डोळे जवळपास गेलेले आणि शरीर आजाराने पोखरलेले असताना, सूर्य, चंद्र, वारा, पाणी, अग्नी यांना भाऊ-बहीण म्हणून हाक मारणारे स्तवन रचले. आज बागेतल्या पुतळ्याच्या खांद्यावर चिमणी बसवून आपण त्याला सोपा करून टाकला आहे. तो कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा होता, त्याने बापाची संपत्ती सोडली आणि मग तो पाखरांशी बोलू लागला. हा क्रम महत्त्वाचा आहे. हाव सुटल्यावरच सृष्टीशी नाते जुळते, हे त्याच्या आयुष्यातून वगळले तर उरतो तो फक्त पक्षिमित्र.

आधुनिक काळात या विचाराला जागतिक व्यासपीठ मिळाले ते भारतात. १९६१ साली जागतिक चर्च परिषदेचे तिसरे अधिवेशन नवी दिल्लीत भरले. तिथे जोझेफ सिटलर या अमेरिकन लुथरन विचारवंताने कलस्सैकरांस पत्राचा आधार घेऊन मांडले की ख्रिस्ताचे तारण माणसाच्या आत्म्यापुरते आखडून चालणार नाही. निर्मिती जेवढी विशाल तेवढेच तारणही विशाल असले पाहिजे. व्हाइटचा निबंध त्यानंतर सहा वर्षांनी आला. १९६१ मध्ये मात्र सिटलरचे भाषण फारसे कोणाच्या पचनी पडले नाही. याच परिषदेने पुढे १९८३ च्या व्हँकुव्हर अधिवेशनात न्याय, शांती आणि निर्मितीचे जतन ही तीन सूत्रे एकत्र बांधली. १९८९ साली कॉन्स्टँटिनोपलच्या ऑर्थोडॉक्स प्रधानाचार्यांनी १ सप्टेंबर हा निर्मितीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. आज १ सप्टेंबरपासून ४ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, अनेक पंथ मिळून निर्मितीचा काळ पाळतात. फिलिपिन्सच्या कॅथलिक बिशपांनी १९८८ सालीच आपल्या उद्ध्वस्त जंगलांविषयी आणि प्रवाळांविषयी एक जळजळीत पत्र काढले होते. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे पत्र आले आणि हा विषय गावोगावच्या चर्चपर्यंत पोहोचला. त्या पत्राचे नावच संत फ्रान्सिसच्या स्तवनातून घेतलेले आहे.

एवढ्या प्रवासात विचारांचे वेगवेगळे प्रवाह झाले. इव्हँजेलिकल आणि एकूण प्रॉटेस्टंट वर्तुळात कारभारीपणाचा विचार सर्वांत रुजला: पृथ्वी परमेश्वराची, आपण तिचे विश्वस्त, हिशेब द्यावा लागेल. साधा आणि आचरायला सोपा असा हा विचार आहे. त्यातूनच १९८३ साली पोर्तुगालमध्ये पक्ष्यांच्या अभ्यासकेंद्रातून ‘आ रोशा’ ही संस्था उभी राहिली आणि आज तिचे काम अनेक देशांत चालते. पण कारभारी मालमत्तेपासून वेगळा उभा असतो, आणि या विचाराची मर्यादा तिथेच आहे. केरळमधून आलेले आणि दिल्लीचे ऑर्थोडॉक्स महाधर्माचार्य असलेले पौलोस मार ग्रेगोरिओस यांनी १९७८ साली ‘द ह्यूमन प्रेझेन्स’ या पुस्तकात यावरच बोट ठेवले. सृष्टीवर प्रभुत्व मिळवण्याची विज्ञानाची ताकद त्यांना नको होती असे नाही. पण तिच्या जोडीला सृष्टीच्या गूढतेपुढे नम्र होण्याची वृत्ती हवी, आणि माणसाने सृष्टीचा पुरोहित व्हावे, म्हणजे तिला कृतज्ञतेने उचलून देवापुढे धरावे, असे ते सांगत. पौर्वात्य चर्चचा हा विचार भारतीय मनाला जवळचा वाटायला हवा. इथिओपियाच्या उत्तर भागात चर्चभोवती राखलेली जुनी देशी जंगले आजही टिकून आहेत, आजूबाजूचे सगळे रान शेतीखाली गेलेले असताना. आपल्या देवराया पाहिलेल्या माणसाला तो भक्तीचा प्रकार समजावून सांगावा लागत नाही.

तिसरा प्रवाह लॅटिन अमेरिकेतून आला. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकच आहे, हे लिओनार्दो बॉफ यांनी १९९५ च्या पुस्तकात मांडले. स्त्रीवादी ख्रिस्ती लेखिकांनी त्यात भर घातली की पाणी आणि सरपण आटते तेव्हा त्याचा पहिला भार बाईच्या डोक्यावर येतो. या विचाराची किंमत काहींनी प्राण देऊन मोजली. अ‍ॅमेझॉनमध्ये छोट्या शेतकऱ्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या सिस्टर डोरोथी स्टँग यांची १२ फेब्रुवारी २००५ रोजी गोळ्या घालून हत्या झाली. ‘लाउदातो सी’ने या सर्व प्रवाहांना एकत्र आणले. माझे मत विचाराल तर त्या पत्राचे सर्वांत मोठे देणे हे की त्यात हवामानबदलाच्या विज्ञानाशेजारीच दिवे मालवणे, प्लास्टिक टाळणे, खाता येईल तेवढेच रांधणे आणि जेवणापूर्वी देवाचे आभार मानणे या गोष्टी निःसंकोचपणे लिहिल्या आहेत.

आता आपल्याकडे वळू. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या पहिल्या मोठ्या ग्रंथात, १६१६ साली रायतूरला छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त, फादर थॉमस स्टीफन्स यांना मराठीची थोरवी सांगण्यासाठी फुलांतला मोगराच आठवला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना महाराष्ट्र ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखतो. पण आपल्या मातीतल्या श्रद्धेची खरी कसोटी कवितेबाहेर लागली, आणि ती दोन ठिकाणी विशेष ठळकपणे दिसते.

पहिले ठिकाण वसई. केळीच्या वाड्या, पानमळे, फुलशेती, सुकेळी, रहाटाच्या विहिरी आणि पावसाचे पाणी साठवून जमिनीत मुरवणारी बावखले यांवर इथला ख्रिस्ती समाज शतकानुशतके जगला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हा हरित पट्टा बांधकामांसाठी खुला होऊ लागला. विहिरींतले गोडे पाणी टँकरमधून नव्या इमारतींकडे जाऊ लागले आणि उपशामुळे किनाऱ्याकडच्या विहिरींत खारे पाणी शिरण्याचा धोका वाढला. तेव्हा ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी राहिली आणि तिच्या अग्रभागी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते, बायबलचे मराठी भाषांतरकार होते, पुढे २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. या चळवळीत निरनिराळ्या धर्मांचे आणि जातींचे वसईकर खांद्याला खांदा लावून रस्त्यावर आले. धर्मगुरूने मोर्चात का यावे, असा प्रश्न तेव्हा चर्चच्या आतूनही विचारला गेला. त्याचे उत्तर मला तरी सरळ वाटते: ज्या विहिरीचे पाणी बाप्तिस्म्याला वापरायचे ती विहीर खारी होत असेल तर तो प्रश्न वेदीपर्यंत आलेलाच आहे. चळवळ पूर्ण जिंकली असे म्हणता येणार नाही; आजची वसई पाहणाऱ्याला ते सांगायला नको. जुलै २०१८ च्या पावसात वसई दिवसच्या दिवस पाण्याखाली राहिली. बुजवलेली बावखले आणि अडवलेले नैसर्गिक नाले यांविषयी समितीने किती आधी बोलायला सुरुवात केली होती, हे तेव्हा अनेकांना आठवले असेल. फादर दिब्रिटो २०२४ च्या जुलैत गेले. त्यांनी सुरू केलेले काम त्यांच्याबरोबर संपलेले नाही.

दुसरे ठिकाण अहमदनगर, आताचे अहिल्यानगर. इथला ख्रिस्ती समाज दुष्काळाच्या आठवणी घेऊनच वाढला. १८७६-७८ च्या दुष्काळाने या जिल्ह्यातली अनेक गावे कायमची बदलली. याच भागात हेर्मान बाखर हे स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू पाणलोटाच्या कामात उतरले आणि १९९३ साली क्रिस्पिनो लोबो यांच्याबरोबर ‘वॉटर’ ही संस्था त्यांनी स्थापन केली. माथ्यापासून पायथ्याकडे काम, समतल चर, बांधबंदिस्ती, गावाने स्वतः ठरवलेली चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी, श्रमदान: ही सारी साधी कामे आहेत. पण उघड्या पडलेल्या टेकड्यांवर गवत आले आणि गावाबाहेर मजुरीला जाणारी माणसे घरी राहू लागली, ती याच कामांमुळे. इथे एक कठीण प्रश्नही उभा राहतो. पाणी जमिनीत मुरले की पहिला लाभ जमीनवाल्याला होतो. मराठवाडा आणि नगरचे बहुसंख्य ख्रिस्ती दलित कुटुंबांतले, अनेकजण भूमिहीन. ऐंशीच्या दशकात भारतात दलित ख्रिस्ती विचार पुढे आला तो अशा प्रश्नांतूनच. विहिरीला पाणी आले, पण कोणाच्या विहिरीला, हे विचारल्याशिवाय निर्मितीची काळजी पुरी होत नाही. या संग्रहातल्या काही लेखकांनी तो प्रश्न टाळलेला नाही आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

मोर्चे आणि चर यांच्या जोडीने तिसरी गोष्ट आहे, रोजचे जगणे. आपल्या सणांत माती पहिल्यापासून आहे. ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा करतो, नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आणून त्यांवर आशीर्वाद मागतो. गोव्यात ५ ऑगस्टला राय गावापासून कणसांच्या फेस्ताला सुरुवात होते. २४ जूनला सांजांवच्या दिवशी तरुण फुलांचे मुकुट घालून विहिरींत उड्या मारतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत कापणीच्या सणाला भोपळे, कणसे, कोंबड्या, अंडी उपासनेत अर्पण होतात. ज्या गावातली शेते विकली जात आहेत, त्या गावाने लोंबी कुठून आणायची? हा प्रश्न भाविकाला अस्वस्थ करायला हवा.

आणि चर्चच्या त्याच आवारात आपण काय करतो तेही पाहू. चर्चचे अंगण चिखल होतो म्हणून पेव्हर ब्लॉकने झाकले जाते आणि पावसाचे पाणी गटारात वाहून जाते. २ नोव्हेंबरला आप्तांच्या कबरींवर प्लास्टिकची फुले आणि प्लास्टिकच्या वेष्टनातल्या मेणबत्त्या ठेवल्या जातात. आठवडाभराने तो ढीग दफनभूमीच्या मागे जाळला जातो. राज्यात २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर आणि ताटल्यांवर बंदी आली, तरी नाताळच्या गोठ्याच्या डोंगराला थर्माकोल शोधणारे हात अजून आहेत. लग्नाच्या जेवणात किती अन्न टाकले जाते हे वाढपी सांगू शकतील. या गोष्टी लहान आहेत, म्हणूनच त्या आपल्या हातात आहेत. गोठ्याला पेंढा, माती आणि जुनी पोती पुरतात. कबरीवर जास्वंद आणि झेंडू शोभतात. आवारातले पाणी शोषखड्ड्यात नेता येते. उपवासकाळात मांसाहार सोडण्याबरोबर एखादे वाहन, एखादी खरेदी सोडता येते, आणि त्यातून वाचलेले पैसे झाडांना नाही तर पाणी विकत घेणाऱ्या शेजाऱ्याला देता येतात. घरच्या कचऱ्याचे वर्गीकरण करणारी आई आणि टँकरविरुद्ध उभा राहणारा मुलगा यांची श्रद्धा वेगळी नसते. एकीने दुसऱ्याला बळ दिले नाही तर वैयक्तिक सवयी नुसत्या मनाच्या समाधानासाठी उरतात आणि आंदोलने भाषणांत विरून जातात.

हे आत्ताच का, असे कोणी विचारील. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीच्या नारळी-सुपारीच्या बागा आडव्या केल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ आले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी न्यावे लागले. अशा वेळी काही प्रवचनकार सांगतात की हे जग जळून नष्ट व्हायचेच आहे, आपण फक्त आत्म्यांची काळजी करावी. या शिकवणीशी माझा स्पष्ट मतभेद आहे. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल सांगतो की सारी सृष्टी प्रसूतिवेदनांनी कण्हत आहे आणि मुक्तीची वाट पाहत आहे. प्रसूतीच्या खोलीतून कोणी बाईला एकटी टाकून निघून जात नाही. प्रकटीकरणाच्या शेवटीही माणसे पृथ्वी सोडून वर जात नाहीत. देवाचे नगर खाली उतरते, आणि त्यात नदी वाहते, झाडाची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी असतात.

या पुस्तकाचा प्रयत्न मर्यादित आहे. ते धर्मशास्त्राचे पाठ्यपुस्तक नाही आणि घरगुती सूचनांची पुस्तिकाही नाही. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट, किनाऱ्यावरचे आणि दुष्काळी भागातले, जमीन असलेले आणि नसलेले असे मराठी ख्रिस्ती लोक एकाच विषयावर एकमेकांशेजारी बसून बोलतात, हेच त्याचे नवेपण. त्यांची मते सगळीकडे जुळत नाहीत. संपादकांनी ती जुळवण्याचा आग्रह धरला नाही हे योग्य केले. मच्छीमार कुटुंबांचे समुद्राविषयीचे ज्ञान आणि आदिवासी ख्रिस्ती समाजाचे जंगलाशी असलेले नाते यांवर इथे अजून बरेच यायला हवे होते. पुढच्या संग्रहाने ती उणीव भरून काढावी. हिंदू, मुस्लिम, बौद्ध वाचकांनीही हे वाचावे, कारण विहिरी आणि नाले धर्माप्रमाणे वेगळे वाहत नाहीत, आणि वसईची चळवळ सर्वांनी मिळूनच उभी केली होती.

वाचकांना माझी एक विनंती आहे. हे पुस्तक एकट्याने वाचून ठेवून देऊ नका. धर्मग्रामात, मंडळीत, महिला संघात, तरुणांच्या बैठकीत ते मोठ्याने वाचा. मग पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर आपल्या आवारातले पाणी, कचरा आणि जमीन हा विषय लेखी घ्या, आणि त्या सभेला पाणी भरणाऱ्या बायांना व शेतमजुरांना आवर्जून बोलवा.